रीनोचा माणूस, डॅलसचा वाघ

"कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये," असं म्हणून त्र्यंबकराव मोहरीलांनी रिकामा कप बशीत उपडा घातला. त्यांचा कप उपडा पडला की चहा संपला असं नव्हे, गोष्ट सुरू झाली असं समजायचं, हे डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या मराठी घरांना एव्हाना पाठ झालं होतं. रविवारची दुपार होती. सोफ्यावर श्रीराम पेंडसे रेलले होते. त्र्यंबकरावांची एकूण एक गोष्ट त्यांनी ऐकली होती, एकीवरही विश्वास ठेवला नव्हता आणि एक रविवार चुकवला नव्हता. खाली गालिच्यावर अमित, आर्लिंग्टनला मास्टर्स करणारा सांगलीकडचा पोरगा, फोडणीच्या वासाच्या ओढीने ड्राइव्ह करून आलेला. फोडणी आत शरयूबाई देत होत्या.

"परवा रीनोला, शिकाऱ्यांच्या त्या मोठ्या संमेलनात, मी दारातून आत पाऊल टाकलं मात्र, सगळा हॉल उभा राहिला. डोक्यावरच्या हॅट काढून. हजार तरी माणूस असेल."

"आगीची घंटा वाजली असेल," श्रीराम म्हणाले.

"पेंडसे, तुम्ही पुण्याचे. तुमच्याकडे माणूस माणसासाठी उठत नाही, तुम्हाला काय कळणार?"

"उठतो की. दार लावायला उठतो."

"काका, पेंडसेकाकांकडे लक्ष देऊ नका. मग काय झालं?" अमित म्हणाला.

मग काय झालं ते त्र्यंबकराव सांगू लागले. तोंडाला सवय होती, ते रीनोत सुखाने हिंडायला लागलं, झुंबरं टांगायला लागलं, बर्फाचे डोंगर खिडकीशी आणून ठेवायला लागलं. मन मात्र चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजसमोर उभं राहिलं. फ्रिजच्या दारावर, ठाण्याच्या मेव्हणीने पाठवलेल्या गणपतीच्या मॅग्नेटखाली आणि भोपळ्याच्या मॅग्नेटखाली, महिनाभर दोन चकचकीत पत्रकं लटकत होती. आता तिथे किराण्याची यादी आहे. पण ती पत्रकं आली त्या दिवसापासून त्र्यंबकरावांच्या आत काहीतरी जे सरकलं, ते पुन्हा जागेवर बसलं नव्हतं. डिसेंबरातला शनिवार होता. टपालपेटीतून बिलांबरोबर दोन जाड पाकिटं निघाली. एक डॅलसचं, एके काळी भारतात शिकारीला आलेल्या कॉब साहेबांच्या मुलाने पाठवलेलं. साहेब गेल्या पावसाळ्यात वारले होते (इथे पावसाळा नसतो, पण त्र्यंबकराव माणसांची मरणं अजून तिकडच्या ऋतूंनीच लक्षात ठेवत). मुलाने बापाचा वाघ डॅलसच्या शिकार-संमेलनात काचेच्या पेटीत मांडायचं ठरवलं होतं आणि 'तुम्ही त्या दिवशी मचाणावर होतात, जरूर या' असा दोन ओळींचा आग्रह केला होता. दुसरं पाकीट रीनोचं. त्र्यंबकराव शिकारीचं एक मासिक घेत, म्हणून त्यांच्याकडे असली पाकिटं येत. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारा माणूस शिकारीचं मासिक घेतो याचं पोस्टमनला नसलं तरी श्रीरामना अपार नवल होतं. तर ते रीनोचं पाकीट उभ्या उभ्याच फोडलं, तिसरं पान उलटलं, आणि पानावरून राजारामने त्र्यंबकरावांकडे बघितलं.

केस पांढरे, गालफडं बसलेली, अंगात कुणाचातरी कोट. पण डोळे तेच, एक किंचित बारीक केलेला. मध्य भारतातल्या जंगलांचा जुना शिकारी, असं खाली छापलं होतं. शिकारबंदीनंतर पुतण्याने जंगल दाखवायचा धंदा काढला, लोकांना वाघ बघायला नेतात, कॅमेरे घेऊन. त्याच्या गाळ्यावर म्हातारा येणार होता आणि शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर चार शब्द बोलणार होता. दोन्ही संमेलनं जानेवारीच्या त्याच आठवड्यात, त्याच तीन दिवसांत होती. माणूस एकीकडे, वाघ दुसरीकडे. आजवर एकाही संमेलनाचं तोंड न पाहिलेल्या त्र्यंबकरावांनी आयुष्यातलं पहिलं संमेलन निवडायचं होतं. आणि गंमत बघा, सगळ्या जगात त्यांना भेटावंसं वाटावं असे हे दोनच जीव उरले होते, त्यातला एक पेंढा भरलेला.

शरयूबाईंनी आठवडाभर वाट बघितली. मग एका सकाळी डबा भरता भरता म्हणाल्या, "एकीकडे जा नाहीतर दोन्ही काढा तिथून. मला यादी लावायला जागा नाही."

"अगं, विचार करतोय."

"वाघ पाहायचा तर डॅलस अर्ध्या तासावर आहे. विमानाचं तिकीट कशाला? आणि माणूस भेटायचा असेल तर त्यात विचार कसला?"

बायका प्रश्न असा मांडतात की उत्तराला बसायला पाटच उरत नाही. त्र्यंबकराव नुसतेच डबा घेऊन ऑफिसला गेले, ड्रॉइंगबोर्डावर वाकून कुणाच्या तरी पुलाचे खांब काढत राहिले आणि खांबांच्या मधून सागाची झाडं उभी राहायला लागली. चांद्याचं जंगल. एप्रिल. पानगळ झालेली, खाली वाळक्या सागपानांचा थर, एवढा खडखडीत की उंदीर चालला तरी हत्ती चालल्यासारखा आवाज. मोहाच्या फुलांचा तो जडसर गोड वास, जो नंतर कुठल्याही बाटलीत, कुठल्याही देवळात, कुठल्याही बाईच्या केसांत भेटला नाही. टेक्ससमध्ये सत्तावीस वर्षं काढली, उन्हाळ्याच्या संध्याकाळी कुणीतरी मेस्किटची लाकडं जाळतं आणि क्षणभर छातीत काहीतरी उठून बसतं. मग कळतं की नाही, हे नव्हे, आणि ते पुन्हा आडवं होतं. बी. ए. झालेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा त्र्यंबक तेव्हा शिकार कंपनीत दुभाष्या म्हणून लागला होता. दुभाष्या हे नाव. खरं काम, साहेबांना गोष्टी सांगायच्या. चारचार दिवस वाघ येत नाही, साहेब चिडतो, बायको माहेरी जाते म्हणते. तेव्हा त्र्यंबकबाबूने खुर्ची ओढून सुरू करायचं. त्याच्या गोष्टीतले वाघ वेळेवर येत. कंपनीचा मालक म्हणे, जंगलात वाघ आहेत शंभर, त्र्यंबकच्या तोंडात आहेत हजार.

वाघ मारायचं काम राजारामचं. ही गोष्ट मात्र त्र्यंबकरावांनी अर्विंगात कुणाला कधी सांगितली नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यांच्या साऱ्या गोष्टींत ही एवढीच खरी होती. परदेशी पाहुणा पैसे मोजून आलाय, त्याला वाघ मिळालाच पाहिजे. पण दहातल्या आठांचा नेम झाडाला लागे. म्हणून कंपनीची एक रीत होती. दिवसाउजेडी हाका घालायचा, हाकेवाले डबे बडवत वाघाला रेटत आणायचे, साहेब एका मचाणावर, दुभाष्या त्याच्याजवळ, आणि मागच्या झाडावर पानांत राजाराम. राजारामचा एक डोळा वाघावर, दुसरा साहेबाच्या खांद्यावर. तो बारीक झालेला डोळा म्हणून तसा. साहेबाचा खांदा ताठ झाला, की साहेबाच्या बोटाबरोबर राजारामचं बोट. आवाज एक. दोन बंदुका, आवाज एक. साहेबाची गोळी वारुळात, राजारामची वाघाच्या मानेत, आणि कुणीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, साहेबाची गोळी. हाकेवाल्यांच्या पोरांनासुद्धा हे शिकवावं लागत नसे. राजाराम झाडावरून सावकाश उतरायचा आणि साहेबाला सगळ्यांत आधी रामराम घालून म्हणायचा, काय नेम आहे जी.

कॉब साहेबाचा वाघ असाच पडला. त्या वेळी त्र्यंबक मचाणावर होता, हे खरं. त्याने डोळे गच्च मिटले होते, हेही खरं. पानांवर पावलं वाजली, मग थांबली, मग इतकी शांतता झाली की साहेबाच्या घड्याळाची टिकटिक आपल्या मनगटावर ऐकू आली, आणि मग तो एकच आवाज. डोळे उघडले तेव्हा झाडाखाली पिवळं काहीतरी पडलं होतं आणि वाळक्या पानांची धूळ त्याच्यावर हळूहळू बसत होती. एवढंच. आयुष्यभर ज्यावर जगायचं ते एवढंसंच असतं.

सोलताना मानेतून निघालेली गोळी कॉब साहेब आठवण म्हणून घेऊन गेला, आणि दोन वर्षांनी एका डबीत घालून, कोटाच्या खिशात घेऊन परत आला. म्हणाला, "ही माझ्या बंदुकीची नाही. घरी जाऊन ताडून पाहिलं. कुणाची?" जीपमध्ये दोघंच होते. गोळी समोर असताना 'साहेब, तुमचीच' असं म्हणता येईना. राजारामचं नाव घ्यायला हवं होतं. नाव जिभेवर आलंही होतं. पण त्या जिभेला तोवर सवय लागली होती की सगळ्यांत चांगला भाग आपण ठेवायचा. त्र्यंबक म्हणाला, "माझी."

साहेबाने जीप थांबवली. त्याच्या निळ्या डोळ्यांत असं काही आलं, जे त्र्यंबककडे बघताना आजवर कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं. तरी साहेब टेक्ससचा, गुरांच्या बाजारात वाढलेला, खात्री केल्याशिवाय हात मिळवायचा नाही. तळावर पोचताच थेट राजारामसमोर उभा राहिला. राजाराम मोहाखाली उकिडवा बसून बंदुकीची नळी पुसत होता. भर दुपार. साहेबाने उघडी डबी पुढे धरली, दुसऱ्या हाताने त्र्यंबककडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "विचार त्याला. ही गोळी त्याची नव्हे, तुझीच ना?"

आणि दुभाष्याने विचारलं, "राजारामभाऊ, साहेब विचारतात, जेवण झालं का?"

राजारामने डबीकडे बघितलं. मग साहेबाच्या बोटाकडे. मग त्र्यंबककडे, त्या बारीक डोळ्याने. हातातलं फडकं थांबलं नाही. मान हलवून म्हणाला, "झालं जी."

साहेबाने त्र्यंबकला मिठी मारली. वर्षभरात कॉलेजात प्रवेश, बोटीचं तिकीट, टेक्सस. राजारामच्या गोळीवर बसून त्र्यंबक अमेरिकेला आला, असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण या एका गोष्टीवर बसायला हरकत नव्हती.

त्याला कळलं होतं का? एवढाच प्रश्न उरला होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण वाघाने कूस बदलण्याआधी ज्याला कळे त्याला बोटांचा अर्थ कळला नसेल? त्र्यंबकराव ती दुपार पुन्हा पुन्हा काढून बघत. राजारामच्या मागे चूल होती, एवढं आठवतं. चुलीवर भाताचं पातेलं होतं का? पातेलं चुलीवर असलं तर तो जेवलेला नव्हता, आणि जेवलेला नसून 'झालं' म्हणाला तर त्याला सगळं कळलं होतं. कधी आठवणीत धूर दिसे, निळसर, मोहाच्या फांद्यांत अडकलेला. कधी चूल विझलेली, राख, राखेत कुत्रं. जितकं बघावं तितकं त्र्यंबकराव स्वतःच त्यात लाकडं घालत किंवा काढत. हजार वाघ तोंडात बाळगणाऱ्या माणसाला एक चूल खरी करता येईना. आणि म्हणून असेल, पण इतक्या वर्षांत घरी आलेल्या कुणालाही त्यांनी 'जेवलात का' असं विचारलं नव्हतं. ते शरयूबाई विचारत. दारात अमित उभा राहिला, गाल बसलेले, भूक कपाळावर लिहिलेली, तरी त्र्यंबकराव आपले 'ये, बस' म्हणत आणि गोष्ट सुरू करत.

शेवटी रीनो ठरलं. फॉर्म भरला, घरचा फोन नंबर लिहिला, शरयूबाईंनी बॅगेत दशम्या आणि मेतकूट भरलं, "राजारामभाऊंना द्या, तिकडे उपाशी मरतील हो ते." विमानतळावर त्र्यंबकराव दोन तास आधी जाऊन दारापाशी बसले. आजूबाजूला रुंद हॅटवाले, बूटवाले, एकमेकांना हरणांच्या शिंगांची मापं हातांनी दाखवणारे. त्यांना फार बरं वाटलं. वाटलं, उतरल्या उतरल्या राजाराम समोर येईल, आपण हात धरू, आणि पहिलं वाक्य म्हणू. कुठलं? एवढ्या वर्षांनी, समुद्र ओलांडून आलेल्या, थकलेल्या आपल्या माणसाला आपण पहिलं काय विचारतो? दुसरं काही विचारतच नाही. त्र्यंबकरावांनी वेगवेगळी वाक्यं पुढे घालून बघितली. प्रवास कसा झाला, थंडी फार आहे, पुतण्या कुठाय. प्रत्येक वाक्याच्या मागून ते एकच वाक्य डोकं वर काढी. ते टाळलं तर राजारामला टाळलेलं कळेल. विचारलं तर? तो त्या डोळ्याने बघेल आणि... विमानात बसायची हाक झाली. हॅट उठल्या, रांग लागली, रांग संपली. दारापाशी उभ्या पोरीने विचारलं, "सर, तुम्ही येताय ना?" त्र्यंबकराव म्हणाले, "मी एकाची वाट बघतोय." दार बंद झालं. काचेपलीकडे विमान मागे सरकलं, वळलं, आणि मेतकुटाचा वास बॅगेतून हळूच बाहेर आला.

मग काय, टॅक्सी करून डॅलस. घरापासून अर्ध्या तासावरच्या मोटेलमध्ये तीन रात्री, आणि दिवसभर ते संमेलन. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच? आणि छातीवर पिवळी फीत लावली, पहिल्यांदाच येणाऱ्यांची. त्र्यंबकरावांनी ती काढून खिशात घातली. हॉलच्या मधोमध काचेत वाघ होता. लहान. आठवणीत होता त्याच्या अर्धा. आणि तोंड उघडं, जीभ जेलीसारखी लाल, दात विचकलेले. त्र्यंबकरावांना त्याच्या वतीने लाज वाटली. हा आला तेव्हा तोंड मिटून, पावलं मोजत, आपल्या घरातून चालल्यासारखा आला होता. डोळे न उघडताही तेवढं कळलं होतं. खाली पाटी: कॉब साहेबांनी एका गोळीत टिपला. त्र्यंबकराव तीन दिवस त्या काचेसमोर उभे राहिले. लोकांना वाटलं, पेटीचा राखणदार. एक जण शौचालय कुठे ते विचारून गेला. मानेवरचं शिवलेलं भोक त्यांनी शोधून काढलं, पिवळ्या केसांत, बोराएवढं. त्या भोकातून बघितलं तर चांद्याचं जंगल दिसेल अशा आशेने ते काचेला नाक लावून बघत राहिले, आणि काचेत दिसलं ते त्यांचंच नाक. शनिवारी सकाळी त्यांनी घड्याळ बघितलं. आता तिकडे राजाराम उठला असेल. आता बोलत असेल. काय बोलत असेल?

"...तर राजाराम माइकपाशी आला," त्र्यंबकराव सोफ्याच्या कडेवर सरकून सांगत होते. रीनोचा हॉल त्यांनी एव्हाना खच्चून भरला होता. "पुतण्या इंग्रजी करायला शेजारी. पण राजारामने त्याला हाताने थांबवलं, मला पहिल्या रांगेत शोधलं, आणि म्हणाला, लोकहो, कॉब साहेबाच्या वाघाला लागलेली गोळी साहेबाची नव्हती. माझीही नव्हती. ती या माणसाची."

"घ्या," श्रीराम म्हणाले. "बंदूक बघून ज्यांना शिंका येतात त्यांची गोळी."

"ते म्हणाले खरे तसं."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. शरयूबाई पळी हातात घेऊन उभ्या होत्या. पळीतून वरणाचा थेंब फरशीवर पडला. त्यांना पडलेला कळला नाही. त्र्यंबकराव थबकले. इतक्या वर्षांत त्यांच्या गोष्टीला कुणी साक्षीदार उभा राहिला नव्हता.

"कोण काय म्हणाले?" श्रीरामनी विचारलं.

"राजारामभाऊ. शनिवारी दुपारी फोन आला होता. काय गोड बोलतात हो, चांद्याकडचा हेल. मला बघितलेलं नाही पण वहिनी म्हणाले. म्हणाले, मी भरसभेत सांगून टाकलं, गोळी त्र्यंबकबाबूंची होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे." त्या नवऱ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशा. "यादीत तुमचं नाव बघून पुढची खुर्ची धरून ठेवली होती त्यांनी. तीन दिवस. नावाचा बिल्ला टेबलावर तसाच पडलेला, त्यावरून पुतण्याने नंबर काढला. मी आठवडाभर म्हटलं, तुम्ही आपणहून बोलाल."

त्र्यंबकरावांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यातला एकही वाघ बाहेर येईना.

"आणि एक निरोप दिलाय. दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून. त्र्यंबकबाबूंना सांगजा, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो जी." शरयूबाईंनी पळी दुसऱ्या हातात घेतली. "आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला म्हाताऱ्याला. मला तर काही अर्थ लागला नाही. काल त्यांचं विमान गेलं परत."

चूल पेटली. मोहाखाली, राजारामच्या पाठीमागे, लख्ख. पातेल्यावरचं झाकण वाफेने खडखडलं, आणि निळा धूर फांद्यांत चढला. किती सरळ चढत होता. त्र्यंबकरावांनी खिशात हात घातला. बोटांना फीत लागली.

गालिच्यावरून अमित आळीपाळीने दोघांकडे बघत होता. पोरगं हुशार, पण हिशेब जुळायला त्याला जरा वेळ लागला.

"वेट, काका," तो म्हणाला, आधी हळू, मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, "म्हणजे तुम्ही तिथे नव्हतातच?"